मुळासकट नायनाटाची हमी

आठ पायांच्या कोळ्यांवर माया करणाऱ्या माणसाला घरीदारी फारसं कुणी विचारत नाही. म्हणून मी त्यांच्यावर वेबसाइट काढली. विषय संपायची धास्ती नव्हती, कारण जगातल्या कोळ्यांच्या नोंद झालेल्या प्रजातींनी 2022 सालीच 50,000 चा आकडा ओलांडलाय. धास्ती होती ती होस्टिंगच्या, म्हणजे साइट इंटरनेटवर ठेवायच्या जागेच्या, बिलाची. ते दर वर्षी न चुकता येतं आणि त्याला कोळ्यांचं काडीचं कौतुक नसतं. तेव्हा साइटवर जाहिराती घ्यायचं ठरलं.

माझी अपेक्षा माफक होती. जाहिराती विषयाला धरून असाव्यात, बस. भिंगं, बारक्या जिवांचे अगदी जवळून फोटो काढायच्या मॅक्रो लेन्स, निसर्गावरची पुस्तकं, गवतात गुडघे टेकून बसणाऱ्यांसाठी जाड कापडाच्या विजारी. जाहिरात कंपनीनं तरी दुसरं काय कबूल केलं होतं? पानावरचा मजकूर आमचं यंत्र वाचेल आणि त्याला साजेशी जाहिरात आपोआप लावेल. तुम्ही फक्त कोडचा तुकडा चिकटवा.

चिकटवला. उड्या मारणाऱ्या कोळ्याचा एक फोटो आहे माझ्याकडे, समोरचे दोन टपोरे डोळे थेट वाचकाकडे लावलेले. त्याच्या बरोब्बर खाली जाहिरात झळकली : ‘घरात कोळी? मुळासकट नायनाट! लेखी हमी.’

विषयाला धरून नाही असं म्हणायची सोयच नव्हती.

मी कंपनीला तक्रार लिहिली. उत्तर यंत्रानंच पाठवलं असावं, कारण ते फार सभ्य होतं. आपल्या पानाच्या आशयाशी जाहिरात सुसंगत असल्याचं आढळून आलं आहे, कळावे. मग मी या यंत्राच्या पोटात काय चालतं ते शोधायला बसलो. आपलं पान वाचायला त्यांचा एक प्रोग्राम येतो. त्याला क्रॉलर म्हणतात, आणि दुसरं नाव स्पायडर! म्हणजे कोळ्यावरचा लेख वाचायला कोळीच येतो आणि वाचून झाला की कोळी मारायचं औषध सुचवून जातो. स्वजातीशी एवढी बेइमानी, असं म्हणणार होतो, पण पोर्शिया नावाचा कोळी मुख्यतः दुसऱ्या कोळ्यांची शिकार करून जगतो, हे मीच एका लेखात कौतुकानं लिहून ठेवलंय.

हा स्पायडर पान वाचतो म्हणजे शब्द वेचतो. कोणता शब्द किती वेळा आला, शीर्षकात काय आहे, कशाच्या शेजारी काय आहे, यावरून पान कुठल्या खात्यात टाकायचं ते ठरतं. खाती शेकडो असतात. कोळ्यांवर प्रेम असं खातं त्यात नाही. कीटक आहे, आणि त्याला लागून कीटकनाशक आहे. आता कोळी हा कीटक नव्हे. कीटकाला सहा पाय, याला आठ. हे मी पानापानावर बजावून सांगितलंय, कारण लोक घोळ घालतात आणि मला ते सोसत नाही. यंत्रानं त्यातला ‘कीटक’ तेवढा उचलला आणि ‘नव्हे’ टाकून दिला. जितकं ठासून सांगावं तितकी फवारणीवाल्यांची गर्दी वाढायची.

बरं, यंत्राचा हा स्वभाव जुना आहे. 2003 साली, म्हणजे गूगलनं अॅडसेन्स ही साइटवर जाहिराती लावायची सेवा सुरू केली त्याच वर्षी, न्यूयॉर्क पोस्टच्या साइटवर एका खुनाची बातमी होती. प्रेताचे तुकडे सूटकेसमध्ये लपवले होते. शेजारी जाहिरात लागली सूटकेसची. यंत्राची यात काय चूक? बातमीत सूटकेस होतीच की.

इंटरनेटवरच्या चर्चेच्या मंचांवरचे जाणकार म्हणाले, तुमची शीर्षकं घोटाळ्याची आहेत. हे मात्र खरं होतं, आणि मला त्यांचा अभिमान होता. ‘पहाटेची विणकरीण’ या लेखावर पडदे आणि गालिचे विकायला होते. ‘आठ डोळ्यांची पाहुणी’वर चष्मे. ‘जाळ्यात कोण?’ या मथळ्याखाली मासेमारीची नायलॉनची जाळी, घाऊक दरात. यंत्राला अलंकार कळत नाहीत. त्याला सरकारी परिपत्रकासारखं लिहिलेलं आवडतं. शीर्षकात विषय, पहिल्या परिच्छेदात विषय, फोटोला जोडलेल्या वर्णनात विषय, आणि एका पानावर एकच विषय. एके काळी अॅडसेन्समध्ये मजकुराभोवती अदृश्य खुणा घालून ‘एवढं वाच, तेवढं सोडून दे’ असं यंत्राला सांगायची सोय होती. ती पुढे काढून टाकली. बहुधा जो तो ‘माझ्या कविता सोड’ असं सांगत सुटला असावा.

‘पहाटेची विणकरीण’चं मी ‘चक्राकार जाळे विणणारे कोळी : छायाचित्रण व निरीक्षण’ केलं. वाचताना जांभई यायची, पण यंत्र खूश. एका कोपऱ्यात कॅमेऱ्याची बॅगसुद्धा दिसली. मी ती घरातल्या सगळ्यांना दाखवली.

मग काही जातींच्या मादीवरचा लेख आला. मिलनानंतर ती नराला खाऊन टाकते, तो. त्याच्याखाली जाहिरात होती : ‘आयुष्यभराची साथ शोधताय? आजच नाव नोंदवा.’ माझ्या साइटवर आजवर लागलेल्या जाहिरातींत अभिरुचीच्या दृष्टीनं ही सर्वांत वरची, असं माझं मत आहे. जोडीदार जुळवणाऱ्यांना तसं वाटलं नाही. बड्या जाहिरातदारांकडे टाळायच्या शब्दांची यादी असते. मृत्यू, विष, शिकार, हत्या असलं काही दिसलं की त्यांची जाहिरात त्या पानाकडे फिरकत नाही. माझ्या लेखात यातलं सगळं होतं आणि वर शृंगारही होता. ती जागा पांढरी पडली ती पडलीच. निसर्गानं ठरवलेली गोष्ट मी सौम्य करून लिहायची म्हणजे काय, तर ‘मादी नराला निरोप देते’ असं लिहायचं? नाही लिहिलं.

मी फवारणीवाल्यांना ब्लॉक करायला घेतलं. तशी सोय असते, पत्ता टाकायचा आणि ती जाहिरात बंद. एक बंद केला की त्याचा चुलतभाऊ हजर. शेवटी पूर्ण वर्गच बंद केला. तेव्हा कमाईचा आलेख जो झोपला तो बघून मलाच फवारणी हवीशी वाटायला लागली. त्यामागचं गणित असं आहे, की पान उघडतं तेवढ्यात, सेकंदाच्या दहाव्या हिश्शात, त्या जागेचा लिलाव होतो. न्हाणीघरात कोळी बघून किंचाळत बाहेर आलेलं गिऱ्हाईक घासाघीस करत नाही, म्हणून फवारणीवाला त्याच्या क्लिकसाठी सढळ बोली लावतो. मॅक्रो लेन्सवाल्याचं गिऱ्हाईक सहा महिने नुसतं विचार करतं. लिलावात कोण जिंकणार?

आणि मग मी आकडेवारीचं ते पान उघडलं जे उघडायचं टाळत होतो, लोक माझ्या साइटवर काय शोधत येतात ते. ‘कोळी चावला तर काय करावे.’ ‘कोळी कसे घालवावेत.’ ‘कोळी घरात का येतात.’ ‘कोळी पलंगाखाली गेला आता काय.’ हा शेवटचा प्रश्न वाचून मला त्या माणसाची खरोखर काळजी वाटली. ‘कोळ्याच्या डोळ्यांचे सौंदर्य’ असं शोधत आलेलं जवळपास कुणी नव्हतं, आणि जो कुणी होता तो बहुधा मीच. म्हणजे मी ज्यांना माझे रसिक समजत होतो ते हातात चप्पल घेऊन वाचत होते. यंत्रानं त्यांना नेमकी हवी ती जाहिरात दाखवली होती. मी वर्ग पुन्हा चालू केला. होस्टिंगचं बिल भरायचंच होतं.

या सगळ्यात एक गोष्ट फार उशिरा ध्यानात येते, ती म्हणजे आपल्याला दिसते ती जाहिरात दुसऱ्याला दिसेलच असं नाही. मजकूर हा एक धागा झाला. दुसरा धागा म्हणजे बघणारा इंटरनेटवर कुठे कुठे भटकून आलाय तो. त्यामुळे लोक माझ्याकडे तक्रार करतात तेव्हा ते माझ्याबद्दल कमी आणि स्वतःबद्दल जास्त बोलत असतात. मेहुण्याचा फोन आला, ‘दाजी, कोळ्यांच्या साइटवर केस गळण्यावरची औषधं कशाला लावलीत?’ तो उन्हातसावलीत टोपी का घालतो हे कोडं तिथल्या तिथे सुटलं. आमचे साहेब म्हणाले, ‘नोकरी बदलण्याच्या फार जाहिराती असतात हो तुमच्याकडे.’ मी फक्त ‘असतात खऱ्या’ म्हणालो. तेव्हापासून साइट कशी दिसते हे मी कुणाला विचारत नाही. लोकांनी आपण होऊन सांगितलं तर शांतपणे ऐकून घेतो.

आणि एके दिवशी ती आली. मला दिसली. मॅक्रो लेन्स! उड्या मारणाऱ्या कोळ्याच्या फोटोखाली, जिथे कधी काळी नायनाटाची हमी होती तिथे. लेन्सही अगदी मला हवी होती तीच. बोट उचललं आणि आठवलं, की स्वतःच्या साइटवरच्या जाहिरातीवर मालकानं क्लिक करायचं नसतं. केलं तर ती लबाडी धरतात आणि खातं बंद होतं. साजेशी जाहिरात अखेर लागली, तिच्यावर क्लिक करायला जीव टाकणारा माणूस समोर बसलाय, आणि जगात त्या एकट्यालाच मनाई.

मी दुकानाचं नाव कागदावर टिपून घेतलं, दुसरी खिडकी उघडली, परक्यासारखा शोधत शोधत तिथे गेलो आणि लेन्स मागवली.

त्या दिवसापासून लेन्सनं माझी पाठ सोडलेली नाही. हवामानाच्या पानावर लेन्स, बातम्यांत लेन्स, गाड्यांच्या वेळापत्रकात लेन्स. माझ्या साइटवर तर वर, खाली, मध्ये, तिन्ही ठिकाणी. त्याच लेन्सनं काढलेल्या फोटोखाली तीच लेन्स विकायला असते. मी घेतली आहे हे दुकानदाराला माहीत आहे, त्याच्या यंत्राला नाही. मला ती दाखवण्यासाठी तो बोली लावतो, आणि त्यातला एक बारीकसा वाटा माझ्याच खात्यात जमा होतो.

या यशाच्या भरात मी माझा नियम मोडला आणि मेहुण्याला फोन करून साइट उघडायला लावली.

‘दिसली का लेन्स?’

‘नाही दाजी,’ तो म्हणाला. ‘कंगवे दिसतायत.’

औषध लागू पडलं म्हणायचं.