जंताची गोळी, 51 चाचण्या आणि वहिनींची चिठ्ठी

10 फेब्रुवारीला शाळा-अंगणवाड्यांत मुलांना जंतांवरची गोळी देतात. 9 फेब्रुवारीच्या रात्री वहिनींनी पुतण्याच्या शाळेच्या डायरीत लिहिलं, 'उद्या माझ्या मुलाला जंताची गोळी देऊ नये.' खाली सही. मला कळलं दुसऱ्या दिवशी, तेही दादाने त्या पानाचा फोटो घरच्या ग्रुपवर कौतुकाने टाकला म्हणून. मावशीने लिहिलं, 'सूनबाई जागरूक आहेत.' काकांनी तीन अंगठे दाखवले. ही जागरूकता आली ती त्याच ग्रुपवर फिरलेल्या, 'पुढे पाठवा, एखादं मूल वाचेल' असा शेवट असलेल्या मेसेजमधून. त्या आठवड्यात तो मला चार ठिकाणांहून आला. तीनदा मी गप्प बसले.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. एक, 'कॉक्रेन' या जगप्रसिद्ध संस्थेने 51 चाचण्यांचा एकत्र अभ्यास करून जंताची गोळी निरुपयोगी असल्याचं सिद्ध केलं आहे, आणि असा एकत्रित अभ्यास म्हणजे विज्ञानातलं सुप्रीम कोर्ट, पुढे अपील नाही. दोन, उत्तर प्रदेशात दहा लाख मुलांवर गुपचूप प्रयोग झाला आणि एकही जीव वाचला नाही. तीन, गोळीनंतर मुलांना होणाऱ्या उलट्या म्हणजे विषबाधा. चार, जंत शरीराचे मित्र असतात, परदेशात लोक पैसे मोजून ते पोटात घेतात. पाच, जंतांवर आपलं वावडिंग आहे की.

चौथा आधी उरकते, कारण तो वाचून डोकं जास्त तापलं. क्रोन्स या आतड्याच्या आजारावर डुकराच्या जंतांची अंडी देऊन चाचण्या झाल्या, हे खरं. त्यांत फायदा दिसला नाही, हेही खरं, पण ते मेसेजमध्ये नाही. आता आपल्याकडचा 'मित्र' कसा असतो ते बघा. हुकवर्मची अळी ओल्या मातीतून अनवाणी पायाच्या कातडीत शिरते, रक्तातून फुप्फुसात जाते, तिथून घशाशी येऊन गिळली जाते आणि आतड्यात पोचल्यावर भिंतीला चावा घेऊन रक्त पीत राहते. असा मित्र शत्रूलाही नको.

तिसरा. पोटात जंत जास्त असतील तर गोळीनंतर मळमळ, पोटदुखी, क्वचित उलटी होते आणि थोड्या वेळाने थांबते. आजारी मुलाला त्या दिवशी गोळी द्यायचीच नसते. जपायची खरी गोष्ट वेगळीच आहे आणि ती मेसेजवाल्याला सुचलेलीच नाही: लहान मुलाच्या घशात अख्खी गोळी अडकू शकते. म्हणून एक ते दोन वर्षांच्या बाळाला 400 मिलिग्रॅमच्या गोळीतली अर्धीच, आणि तीही दोन चमच्यांमध्ये चुरून पाण्यातून. अंगणवाडीताई ते करताना एकदा जाऊन बघा.

आता पहिला मुद्दा. याच्यासाठीच लिहायला बसले. मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते आणि 'सरासरी' या शब्दाचे हाल बघणं हा माझ्या पोटापाण्याचा भाग आहे, तरी एवढे हाल क्वचित पाहिले.

कॉक्रेनचा 2019 चा आढावा, म्हणजे तो एकत्रित अभ्यास, खराच आहे. 51 चाचण्या, हेही खरं. त्यातली एक दहा लाखांवर मुलांची, उरलेल्या 50 मिळून सुमारे 84 हजार मुलांच्या. आढावा असं म्हणतो की जंतांचा प्रादुर्भाव असलेल्या भागात सगळ्या मुलांना सरसकट, ठरावीक काळाने गोळी दिली तर उंची, हिमोग्लोबिन, बुद्धी, शाळेतली प्रगती किंवा मृत्यूचं प्रमाण यांत सुधारणा दिसत नाही. वजनात मोठी वाढ दिसली ती वीसेक वर्षांहून जुन्या, दोनच ठिकाणच्या अभ्यासांत. नंतरच्या मोठ्या चाचण्यांत ती दिसली नाही.

तेव्हा एवढं कबूल करते, मनाविरुद्ध का होईना: 'गोळी खा, हुशार व्हा' या थाटाची जी जाहिरात होते तिला भक्कम आधार नाही. कॅम्पबेल या दुसऱ्या संस्थेच्या 2016 च्या आढाव्यातही सरसकट गोळीचा फारसा फायदा दिसला नव्हता. सरकारी पोस्टरवर जरा हात राखून लिहिलं असतं तर मेसेजवाल्यांना आयतं कोलीत मिळालं नसतं.

पण आढाव्यापुढचा प्रश्न होता, 'सगळ्यांना सरसकट दिली तर सगळ्यांच्या सरासरीत काय फरक पडतो?' मेसेजने त्याचं उत्तर उचललं आणि 'माझ्या मुलाच्या पोटात जंत असतील तर गोळी द्यावी का?' या प्रश्नाखाली चिकटवलं. समजा वर्गात 40 मुलं आहेत आणि त्यातल्या 8 जणांच्या पोटात जंत आहेत. गोळीने त्या आठही जणांचं वजन अर्धा अर्धा किलो वाढलं. आईच्या नजरेत भरेल एवढा हा फरक. पण वर्गाची सरासरी किती वाढली? चार किलो भागिले चाळीस, म्हणजे 100 ग्रॅम. मधल्या सुट्टीत पेलाभर पाणी पिऊन आलेलं पोर काट्यावर उभं केलं तर त्याचं वजन याहून जास्त वाढलेलं असतं. ज्या गावात जंतच कमी तिथे तर 100 ग्रॅमही दिसायचे नाहीत. मग कमी जंतांची गावं आणि जास्त जंतांची गावं एका पातेल्यात ढवळायची आणि वरून चव घेऊन म्हणायचं, मीठच नाही.

हे मी मनचं सांगत नाही. याच मंडळींच्या 2015 च्या आवृत्तीत ज्या मुलांना जंत असल्याचं माहीत होतं त्यांचा हिशोब वेगळा दिला होता: पाच चाचण्या, 627 मुलं, आणि गोळीनंतर एक ते सहा महिन्यांत वजनात 200 ग्रॅमपासून 1.3 किलोपर्यंत जादा वाढ. पुरावा कमी दर्जाचा, असं त्यांनीच प्रामाणिकपणे लिहिलं आहे. पण 'निरुपयोगी' कुठे आहे यात? शाळेत सगळ्यांना गोळी देतात ती सगळ्यांना जंत आहेत म्हणून नव्हे. प्रत्येकाचं शौच तपासणं गोळीपेक्षा महाग पडतं म्हणून.

आणि ते सुप्रीम कोर्ट. या कोर्टाने जंतांवरचा आपलाच निकाल 2012, 2015 आणि 2019 असा पुन्हा पुन्हा लिहिला आहे. शिवाय 2016 मध्ये काही अर्थतज्ज्ञांनी, आढाव्यातून सुटलेल्या चाचण्या आणि आकडे धरून बेरीज पुन्हा केली, तर सरासरी वजनवाढ सुमारे 130 ग्रॅम निघाली, आणि ती निव्वळ योगायोगाची वाटत नव्हती. त्यांच्यात मायकेल क्रेमर होते. केनियातल्या 75 शाळांचा, गोळीचा फायदा सांगणारा ज्यांचा अभ्यास या सगळ्या वादाच्या मुळाशी आहे तेच, म्हणजे तेही काही तटस्थ पंच नव्हेत. या भांडणाला 'वर्म वॉर्स' असं नावच पडलं आहे. जाणकार वर्षानुवर्षं भांडतायत आणि काकांच्या फोनवर निकाल लागून मोकळा!

दुसरा मुद्दा, दहा लाख मुलं. ही 'देवता' नावाची चाचणी. 1999 ते 2004 या काळात उत्तर प्रदेशातल्या 72 विकासगटांत, अंगणवाड्यांमधून झाली. 'गुपचूप' झालेली ही चाचणी 'लॅन्सेट'मध्ये छापून आलेली आहे. दर सहा महिन्यांनी गोळी दिली तर बालमृत्यू कमी होतात का, असा प्रश्न होता. उत्तर आलं, फरक दिसत नाही. जंत मुलाला सहसा मारत नाहीत, झिजवतात. चष्म्याने जीव वाचतो का हे तपासायचं आणि नाही वाचत म्हणून चष्मा फेकायचा, त्यातली गत.

मात्र या चाचणीबद्दल माझीही एक तक्रार आहे, आणि ती मेसेजवाल्यांच्या तक्रारीपेक्षा गंभीर आहे. काम संपलं 2004 ला, निकाल छापला 2013 ला. मधल्या वर्षांत जे जे एकत्रित आढावे निघाले ते जगातल्या सर्वांत मोठ्या चाचणीविना निघाले. 'देवता'मध्ये अ जीवनसत्त्वाचीही परीक्षा होती. 2010 च्या कॉक्रेन आढाव्यात अ जीवनसत्त्वाने बालमृत्यू 24 टक्क्यांनी कमी होतात असं होतं. 2017 च्या आवृत्तीत 'देवता' बेरजेत आली आणि आकडा 12 वर उतरला. गंमत पुढेच आहे. चाचण्या त्याच ठेवून बेरजेची दुसरी रीत वापरली की पुन्हा 24! पहिल्या रीतीत मोठ्या चाचणीचं वजन जबर, दुसरीत लहान चाचण्यांनाही आवाज. दोन्ही आकडे त्याच आढाव्यात, लपवाछपवी न करता दिले आहेत. म्हणून असा आढावा वाचताना मी आधी बघते की आत काय घातलंय, काय बाहेर राहिलंय आणि कुठल्या रीतीने मिसळलंय. प्रत्येक मुलाची मूळ नोंद मिळवून, जंत होते ती मुलं वेगळी काढून हिशोब केला तर तो जास्त भरवशाचा. त्याला वर्षं लागतात आणि लोकांकडून मूळ नोंदी काढणं म्हणजे मारवाड्याकडून उधारी काढण्यापेक्षा अवघड, असं त्यातले लोक सांगतील.

राहिलं वावडिंग. आमच्या आजीच्या डब्यातही होतं, पळसपापडीच्या शेजारी. असू दे. पण जो मेसेज 51 चाचण्यांना पुरावा मानत पहिल्या ओळीत गर्जतो, तो शेवटच्या ओळीत वावडिंगासाठी एकही चाचणी मागत नाही, हे लक्षात आलं का कुणाच्या? आणि गोळीही काही अमृत नाही. 2008 च्या एका आढाव्यात अल्बेंडाझोलच्या, म्हणजे याच गोळीतल्या औषधाच्या, एका मात्रेने गोल जंत 88 टक्के मुलामाणसांत गेले, हुकवर्म 72 टक्क्यांत आणि व्हिपवर्म जेमतेम 28 टक्क्यांत. संडास नसेल, पायात चप्पल नसेल तर गेलेले परत येतात.

वहिनी, तुमच्यावर राग नाही, मेसेज लिहिणाऱ्यावर आहे. पोरगं सुट्टीत मातीतच असतं आणि बूट दप्तरात असतात, हे तुम्हीच मला सांगितलंय. 10 तारखेला राहिलेल्या मुलांसाठी पुढच्या काही दिवसांत मॉप-अपचा दिवस असतो. बाईंना विचारून तारीख घ्या, आणि डायरीतल्या त्या ओळीवर तुमच्याच हाताने काट मारा. ताप असेल तर मात्र त्या दिवशी नको.