कोळशावर जनरेटर चालतो, पण गॅलरीत नाही

पावसाळा तोंडावर आला की आमच्या बडोद्यातल्या मराठी ग्रुपांवर दोन गोष्टी फिरायला लागतात: विश्वामित्रीची पातळी आणि विजेवाचून राहायचे उपाय. त्यात नवल काही नाही. ऑगस्ट २०२४मध्ये नदीने ३५ फुटांची रेघ ओलांडली तेव्हा कित्येक सोसायट्यांत मीटरच पाण्याखाली गेले. खाली कमरेएवढं पाणी आणि वर नळाला थेंब नाही, अशी गत झाली. तेव्हापासून ज्याच्या-त्याच्या डोक्यात जनरेटर बसलाय.

यंदाच्या उपायाचा व्हिडिओ आमच्या ग्रुपवर चार वेळा येऊन गेला. चौथ्यांदा माझ्या भाच्यानेच टाकला, खाली लिहून: ‘मामा, आपल्या शेडमध्ये करून बघायचं का?’ व्हिडिओत एक गृहस्थ पत्र्याच्या डब्यात लाकडी कोळसा भरतो, बाजूच्या भोकातून पेटवतो, नळी जनरेटरच्या कार्बोरेटरला लावतो, दोरी ओढतो आणि बल्ब लागतो. सोबतचा मजकूर थोडक्यात असा: एक किलो कोळसा म्हणजे एक लिटर पेट्रोल, तोही घरी फुकट बनतो. ताकद तेवढीच मिळते. धूर नाही, वास नाही, म्हणून गॅलरीतही चालतो. उरलेला गॅस ट्यूबमध्ये भरून स्कूटरला वापरा. आणि तेल कंपन्यांनी हे तंत्र ७० वर्षं दाबून ठेवलं.

बल्ब लागतो ते खरं आहे, हे आधीच सांगून टाकतो. त्यात हातचलाखी नाही. मकरपुऱ्याच्या जीआयडीसी औद्योगिक वसाहतीत माझी पंप-इंजिन दुरुस्तीची शेड आहे, आणि बारा-तेरा वर्षांपूर्वी मी नि माझ्या पार्टनरने जुन्या पिंपाची अशीच भट्टी बनवून तिच्यावर जनरेटर चालवलाय. व्हिडिओ भरलेल्या डब्यापासून सुरू होतो आणि बल्ब लागला की संपतो. आम्हाला जे भोगावं लागलं ते सगळं त्याच्या आधी नाहीतर नंतर झालं.

आतली क्रिया साधी आहे. निखाऱ्यावर थोडीच हवा सोडली की आधी कार्बन डायऑक्साइड होतो, तो वरच्या लाल कोळशातून जाताना आणखी कार्बन उचलतो आणि त्याचा कार्बन मोनॉक्साइड होतो. हा जळतो. कोळशात ओल असेल तर थोडा हायड्रोजनही येतो. बाकी निम्म्याहून जास्त गॅस म्हणजे हवेतला नायट्रोजन, नुसता सोबत फिरणारा.

आता ‘एक किलो म्हणजे एक लिटर’. लिटरभर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, किलोभर चांगल्या लोणारी, म्हणजे लाकडी कोळशात २८ ते ३०. आकडे जवळ दिसतात म्हणून कुणीतरी बरोबरीचं चिन्ह घालून मोकळं झालं. पण कोळशाचा गॅस होताना पाव भाग उष्णता भट्टीच तापवण्यात जाते. एका लिटरची बरोबरी करायला दीड किलो धरा. तुमच्या गावचा कोळशाचा भाव दीडने गुणा आणि पेट्रोलशेजारी ठेवून बघा. तरी कदाचित स्वस्त पडेल, मी नाही म्हणत नाही. पण ‘फुकट’ कुठून आलं?

घरी बनतो म्हणे. मातीच्या पारंपरिक भट्टीत १०० किलो सुक्या लाकडातून १५ ते २० किलो कोळसा निघतो. चांगली लोखंडी भट्टी असेल तर २५, फार तर ३०. म्हणजे मातीच्या भट्टीने लिटरभर पेट्रोल वाचवायला साडेसात ते दहा किलो सुकं लाकूड, आणि लाकडातली बहुतेक ऊर्जा धुरावाटे आभाळात. तो धूर व्हिडिओत कसा दिसेल? भट्टी दुसऱ्याच्या शेतात लागलेली असते. इकडे येणारा बराचसा कोळसा कच्छकडच्या गांडो बावळाचा, म्हणजे आपल्या वेड्या बाभळीचा. तिकडे ते झाड माजलंय, त्यामुळे तोडलं तर कुणी हळहळत नाही. पण दांडिया बाजारातल्या तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याने ‘घरी फुकट’ म्हणणं म्हणजे विहिरीवर न जाता पाणी फुकट म्हणण्यासारखं झालं.

शिवाय पोतं आणलं म्हणजे इंधन तयार झालं असं नाही. इस्त्रीवाल्याकडचे मुठीएवढे खडे चालत नाहीत, त्यांच्यामधून हवा सरळ निसटते. चुरी राहिली तर गॅसची वाटच बंद होते. हरभऱ्यापासून सुपारीपर्यंतचे तुकडे हवेत. आम्ही गोणपाटावर कोळसा पसरून लाकडी ठोकळ्याने फोडायचो आणि दोन चाळण्यांतून चाळायचो. वरच्या चाळणीतलं परत फोडायचं, खालून पडलेलं टाकायचं, मधलं तेवढं घ्यायचं. पोत्यातला पाव भाग तरी चुरीत जायचा. दोन दिवस नाक शिंकरलं की काळंच. हे काम कोणी व्हिडिओत दाखवत नाही, कारण ते बघवत नाही.

‘काहीही जाळा, शेणीसुद्धा’ असंही एकाने खाली लिहिलंय. शेणीत राख इतकी की ती वितळून नोझलसमोर, म्हणजे भट्टीत हवा सोडणाऱ्या पाइपच्या तोंडासमोर, खंगर धरतो आणि हवा अडते. सरळ लाकूड घातलं तर डांबर सुटतं, थेट वाल्व्हच्या दांड्यावर जाऊन बसतं, आणि दुसऱ्या दिवशी इंजिन थंड असताना वाल्व्ह हलत नाही. असली इंजिनं माझ्याकडेच येतात. लाकडी कोळशातलं डांबर कोळसा बनवायच्या भट्टीतच निघून गेलेलं असतं, म्हणून तर लहान इंजिनाला तोच बरा. नारळाच्या करवंटीचा कोळसा त्याहून छान.

ताकदीचं बघू. पेट्रोलच्या एका भाग वाफेला पन्नासेक भाग हवा लागते. या गॅसच्या एका भागाला जवळजवळ एकच भाग. म्हणजे प्रत्येक ओढीत सिलिंडर अर्धा गॅसने भरतो, आणि त्या गॅसचाही निम्म्याहून जास्त भाग न जळणारा. त्यात हा गॅस पेट्रोलपेक्षा सावकाश जळतो, म्हणून ठिणगी लवकर पडायला हवी. छोट्या जनरेटरच्या मॅग्नेटोचं, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या भागाचं, टायमिंग तर कारखान्यातच पक्कं झालेलं असतं. सगळं मिळून ताकद ३५ ते ५० टक्के कमी धरायची. आमचा जनरेटर पेट्रोलवर दोन हॅलोजन आरामात ओढायचा. गॅसवर दुसरा लावला की दम्याच्या पेशंटसारखा धापा टाकायचा. व्हिडिओत एकच बल्ब का आहे, ते आता कळलं असेल. गच्चीवरच्या टाकीचा पंप सुरू होताना जो झटका ओढतो, तिथे हे इंजिन बंदच पडणार.

डिझेलवाल्यांनी खूश होऊ नये. डिझेल इंजिनात ठिणगीच नसते, त्यामुळे नुसत्या गॅसवर ते चालत नाही. थोडं डिझेल पेटवणीला लागतंच. नीट बसवलेल्या यंत्रात मात्र ७० टक्क्यांपर्यंत डिझेल वाचतं, आणि शेतावर पऱ्हाटीचे ढीग पडून असतील, वीज लांब असेल, तर मी स्वतः हा उद्योग करीन.

आता गॅलरी. हा फॉरवर्ड मला हसून सोडून देता आला नाही तो या एका ओळीमुळे.

धूर नाही आणि वास नाही म्हणून धोका नाही, असं त्यात आहे. खरं ते नेमकं उलटं आहे. या गॅसमध्ये २५ ते ३० टक्के कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट घट्ट चिकटतो. हवेत ०.१६ टक्के झाला तर वीस मिनिटांत डोकं दुखतं, गरगरतं, आणि तासा-दोन तासांत माणूस जातो. हिशेब करून बघा. दहा बाय दहाची, नऊ-दहा फूट उंच खोली, दारं-खिडक्या पावसासाठी बंद. तेवढं प्रमाण व्हायला गॅस लागतो सुमारे १५० लिटर. तेवढा गॅस देतो तीस-पस्तीस ग्रॅम कोळसा. चहाच्या कपात मावेल इतका! किलोवॅटभर भार ओढणारं इंजिन तेवढा गॅस दोन मिनिटांत पिऊन टाकतं.

‘पण इंजिन तर गॅस ओढून घेतंय, बाहेर येईल कशाला?’ हा भाच्याचा प्रश्न, आणि प्रश्न चांगला आहे. चालू असताना इंजिन ओढत असतं, त्यामुळे फट असली तर बाहेरची हवा आत जाते. सुरुवात आणि शेवट या वेळा वाईट. सुरुवातीला ब्लोअरने गॅस ओढून बाहेर फेकावा लागतो आणि त्याच्यावर ज्योत धरेपर्यंत तो कच्चाच सुटत असतो. आणि इंजिन बंद केलं म्हणजे भट्टी बंद होत नाही. आत दोन-तीन किलो कोळसा लाल असतो, तो गॅस करतच राहतो, आणि आता तो ओढायला कोणी नसतं. मग तो झाकणाच्या कडेतून, गॅस गाळणाऱ्या फिल्टरच्या जोडातून, जिथून मिळेल तिथून बाहेर येतो. बल्ब विझलेला, आवाज थांबलेला, माणसं निजायला गेलेली.

आम्हाला हे पहिल्याच आठवड्यात कळलं. पाऊस आला म्हणून इंजिन बंद करून पिंप ढकलत शेडमध्ये आणलं, शटर अर्धं खाली ओढलं आणि चहा प्यायला बसलो. अर्ध्या तासात दोघांचं डोकं ठणकायला लागलं. पार्टनर म्हणाला, उपास लागलाय, चतुर्थी आहे. मला उपास नव्हता. तेवढ्यावरून उठलो म्हणून हे लिहितोय. त्यानंतरही अक्कल पुरती आली नव्हती: दुसऱ्या एका दिवशी गरम पिंपाचं झाकण आत कोळसा किती उरलाय ते बघायला उघडलं, हवा आत गेली, भक्‌ झालं आणि माझ्या दोन्ही भिवया गेल्या. महिनाभर गिऱ्हाईक माझ्याकडे बघून हसत होतं.

आणि कोळसा सोडा, साधा पेट्रोल जनरेटरसुद्धा गॅलरीत, जिन्यात किंवा पार्किंगच्या बंद कोपऱ्यात लावू नका. त्याच्या सायलेन्सरमधूनही हाच वायू येतो.

ट्यूबमध्ये गॅस भरायच्या गोष्टीवर मी फार वेळ घालवत नाही. घनमीटरला ऊर्जा जेमतेम ५ मेगाज्यूल. लिटरभर पेट्रोलएवढी साठवायला ६,४०० लिटरची पिशवी लागेल, आणि ती स्कूटरवर बांधायची! स्वयंपाकाच्या गॅससारखा दाबून पातळ करावा म्हटलं तर कार्बन मोनॉक्साइड उणे १४० अंशांच्या वर कितीही दाबलात तरी पातळ होत नाही. राहता राहिली ट्यूबभर विष घरात ठेवायची हौस.

इंजिनाचं आयुष्य वाढतं, अशीही एक पुस्ती कुणीतरी जोडलीय. फिल्टर जरा फाटला की कोळशाची भुकटी आणि राख ऑइलमध्ये जाते आणि रिंगांना पॉलिश पेपरसारखी घासते. फिल्टर जपला तर इंजिन टिकतं. टिकतं, वाढत नाही. शिवाय नोझलपाशी १२०० ते १५०० अंश उष्णता असते. आमच्या अर्ध्या इंची पाइपचं तोंड तासाभरात मेणबत्तीसारखं ओघळलं होतं. पुढे सायलेन्सरचा थोडा धूर हवेबरोबर परत भट्टीत सोडायला लागलो, तेव्हा ते टिकलं.

आणि ते ‘दाबून ठेवलेलं तंत्र’. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचं रेशनिंग झालं तेव्हा आपल्याकडे कोळशाच्या गॅसवर बसगाड्या धावल्या. युद्ध संपताना जर्मनीत लाकूड किंवा कोळशाच्या गॅसवरची सुमारे पाच लाख वाहनं होती. माझे आजोबा आपल्याकडच्या त्या बसमध्ये बसलेले. मागे भट्टी, क्लीनर सळईने ढोसतोय, आणि चढ आला की अर्धे पॅसेंजर खाली उतरून चालायला लागायचे. पेट्रोल परत मिळायला लागलं आणि लोकांनी भट्ट्या आपणहून काढून फेकल्या. तंत्र तरीही मेलं नाही: बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने त्यावर वर्षानुवर्षं काम केलं, १९८८मध्ये कर्नाटकातल्या होसहळ्ळी गावात त्यावर दिवे लागले. आणि दाबून ठेवलेलं म्हणता ते यंत्र आपल्या बडोद्यातलीच अंकुर सायंटिफिक कंपनी १९८०च्या दशकापासून बनवून विकतेय. ग्रुपवर हे मी लिहिलं, त्याला दोन अंगठे मिळाले. व्हिडिओला चाळीस.

भाच्याला ‘ये’ म्हटलंय. रविवारी सकाळी, शेडच्या मागच्या उघड्या अंगणात, वारा असला तर. इंजिन जुनंच, भार एक हॅलोजन. बंद केल्यावर नोझलला बूच आणि पिंप रात्रभर बाहेरच. वीस किलोचं पोतं मी आणून ठेवलंय. फोडायचं आणि चाळायचं त्याने.