कोरियाच्या फाळणीवर हसणाऱ्यांसाठी, आणि हाम सॉकहॉन नावाच्या एका म्हाताऱ्यासाठी

आज सकाळी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी उत्तर कोरियाच्या राजधानीतल्या, प्योंगयांगमधल्या संचलनाचा व्हिडिओ टाकला. रणगाडे, क्षेपणास्त्रं, पाय ताठ उचलून चालणाऱ्या सैनिक मुली, वर सज्जात किम जोंग उन. खाली हसऱ्या तोंडांचा पाऊस. इथवर मी गप्प होते. मग एका गृहस्थांनी लिहिलं, "ही माणसं नाहीतच, यंत्रं आहेत. एकदा बॉम्ब टाकून विषय संपवायला हवा." शिकलेला माणूस, एरवी जिन्यात भेटला की वाकून बोलणारा. आणि त्या वाक्यावर धडाधड अंगठे!

ग्रुपवर मी काही लिहिलं नाही, तिथे लिहून उपयोग नसतो. इथे लिहिते, कारण इथे माझी माणसं आहेत.

ज्यांच्यावर बॉम्ब टाकायचा म्हणताय, त्यांच्यात माझ्या हालमोनीचा धाकटा भाऊ आहे. असेल तर असेल. जिवंत आहे की नाही हे तिलाही शेवटपर्यंत कळलं नाही.

नोकरीच्या निमित्ताने मी सोलमध्ये राहत होते तेव्हा जिच्या घरात खोली घेतली होती, ती ही आजी. हालमोनी म्हणजे आजीच. मूळची कैसोंगची. आपल्याकडे कुणाला माहीत नसतं, पण 1945 साली 38 अंश अक्षांशावर रेघ मारून कोरियाचे उत्तर-दक्षिण तुकडे केले तेव्हा कैसोंग दक्षिणेत होतं. 1953 साली युद्ध थांबलं तेव्हा ते उत्तरेत गेलं. 1951 च्या जानेवारीत उत्तरेच्या बाजूने लढणाऱ्या चिनी फौजा खाली यायला लागल्या, तेव्हा हिची आई हिला घेऊन निघाली. धाकट्याला ताप होता, म्हणून त्याला आजोबांजवळ ठेवलं. तीन-चार दिवसांत परत येऊ म्हणून. घराला कुलूपसुद्धा लावलं नव्हतं.

एका चुसॉकला तिने मला बरोबर नेलं. चुसॉक म्हणजे त्यांचा पितरांचा आणि नव्या धान्याचा सण. उत्तरेतून आलेली म्हातारी माणसं त्या दिवशी सीमेजवळच्या इमजिनगाकला जातात. तिथे मांगबेदान म्हणून एक वेदी आहे, उत्तरेकडे तोंड करून. गावी जाऊन पितरांपुढे वाकता येत नाही, म्हणून तिथून वाकायचं. तिने सोंगप्योन, म्हणजे तांदळाचे गोड उंडे, मांडले, फळं मांडली आणि गुडघे दुखत असतानाही कपाळ जमिनीला लावलं. मग आम्ही दोरासानच्या टेकडीवर गेलो. तिथे तेव्हा पाचशे वॉनचं नाणं टाकायच्या दुर्बिणी होत्या. हवा स्वच्छ असली की कैसोंग दिसतं, मागे सोंगाक डोंगर. नाणं टाकलं की थोडा वेळ दिसायचं, मग खटकन पडदा पडायचा. ती नाणी टाकत राहिली. तिच्या पाकिटातली संपली, मग माझ्याकडची. नातू मागे उभा होता, तो कंटाळून फोन बघत होता. सोलपासून हे गाव साठेक किलोमीटरवर. म्हणजे पुण्याहून लोणावळा. साठ वर्षांनंतरही तिला आपलं लोणावळं दुर्बिणीतूनच पाहावं लागत होतं.

कुणी मारली ही रेघ? 1945 च्या ऑगस्टमध्ये, जपान शरण येण्याच्या बेतात असताना, वॉशिंग्टनमध्ये डीन रस्क आणि चार्ल्स बोनस्टील या दोन अमेरिकन कर्नलांनी नॅशनल जिऑग्राफिकच्या नकाशावर. अर्ध्या तासात. एकाही कोरियन माणसाला न विचारता. गुन्हा जपानचा, आणि चिरला गेला कोरिया. जर्मनीची फाळणी झाली तर जर्मनीने युद्ध तरी केलं होतं. कोरियाने काय केलं होतं? पस्तीस वर्षं गुलामी भोगली होती, एवढंच.

हा प्रश्न आयुष्यभर उरावर घेऊन जगलेला एक माणूस होता. त्याच्यासाठी ही पोस्ट आहे.

हाम सॉकहॉन. जन्म 1901, उत्तर प्योंगान प्रांतातलं योंगचॉन, म्हणजे चीनच्या सीमेलगत. 1919 च्या स्वातंत्र्य आंदोलनात उतरला म्हणून शाळा सुटली. मग ओसान शाळेत शिकला, तोक्योला जाऊन आला आणि त्याच ओसान शाळेत इतिहास शिकवायला लागला. पांढरा झगा, पांढरी दाढी. कुठल्याही चर्चच्या चौकटीत न मावणारा ख्रिस्ती, पुढे क्वेकर, म्हणजे हिंसा नाकारणाऱ्या ख्रिस्ती पंथाचा, झाला. याने गांधींचं आत्मचरित्र कोरियनमध्ये आणलं. भगवद्गीता कोरियनमध्ये आणली. धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीता सांगितली हे ज्यांच्या घरात सांगितलं जातं, त्यांना हा माणूस परका वाटायचं कारण नाही.

मला तो भेटला हालमोनीच्या घरातच. तिचा नवरा वारला होता. तो दक्षिणेतलाच, चोल्लाकडचा, शाळामास्तर. त्याच्या खोलीत सुतळीने बांधलेले मासिकाचे जुने अंक होते, 'सिआलुई सोरी'. बियाण्याचा आवाज. हामने 1970 साली काढलेलं मासिक. सरकारने दोन अंकांतच बंद पाडलं, हा कोर्टात गेला आणि पुन्हा सुरू करून घेतलं. 1980 साली लष्करशहा चुन दू-ह्वानच्या राजवटीने परत बंद पाडलं. संध्याकाळी शब्दकोश घेऊन मी त्या अंकांशी झगडायची. हालमोनी भाजी निवडता निवडता बघायची आणि काही बोलायची नाही.

हाम काय म्हणत होता, ते माझ्या भाषेत सांगते. कोरियाचा सगळा इतिहास दुःखाचा आहे. मंगोल आले, जपानी आले, मांचू आले, परत जपानी आले. पण दुःख म्हणजे शिक्षा नव्हे आणि लाजही नव्हे. सगळ्या जगाच्या पापाचा भार या देशावर टाकला गेला. तो भार शहाणपणाने, हिंसा न करता वाहून दाखवणं हेच या देशाचं जगात काम आहे. हे त्याने जपानी अंमलात, 1930 च्या दशकात 'सोंगसो चोसॉन' या ख्रिस्ती मासिकात लिहिलं, आणि 1942 साली त्याच मासिकाच्या पायी तुरुंग भोगला. हे वाचून मी पहिल्यांदा चिडलेच होते. दुःखाला अर्थ देणाऱ्या माणसांचा मला एरवी राग येतो, कारण बहुतेक वेळा दुःख दुसऱ्याचं असतं आणि अर्थ ह्यांचा. पण हा माणूस स्वतः त्यातून गेला होता. जपान्यांनी आत टाकलं. 1945 च्या नोव्हेंबरमध्ये सिन्उईजूत विद्यार्थी कम्युनिस्टांविरुद्ध उठले, तेव्हा उत्तरेचा ताबा घेतलेल्या रशियनांनी आत टाकलं. 1947 साली तो घरदार सोडून दक्षिणेत आला, आणि मग दक्षिणेनेही आत टाकलं!

का टाकलं ते ऐका. 1958 साली 'सासांगग्ये' मासिकात त्याने एक लेख लिहिला. त्याचा गाभा असा, की दक्षिण म्हणते उत्तर हे रशिया-चीनचं बाहुलं, उत्तर म्हणते दक्षिण हे अमेरिकेचं बाहुलं. बाहेरून बघणाऱ्याला दोन्हीकडे बाहुलीच दिसतात, देश कुठेच दिसत नाही. आपण देश नसलेली प्रजा आहोत. युद्धाला थांबून जेमतेम पाच वर्षं झालेली, दक्षिणेत राष्ट्राध्यक्ष सिंगमन रीची सत्ता, आणि हा असं लिहितो. वीस दिवस कोठडी. कुणी म्हणेल वीसच दिवस. त्या काळात त्या आरोपाखाली माणसं कायमची जात होती.

हे वाक्य मला आजही हलवतं, कारण ते आजही खरं आहे. दोन्हीकडच्या सिंहासनांना एकमेकांची गरज आहे. उत्तरेत कुणी तोंड उघडलं की तो अमेरिकेचा हेर. दक्षिणेत कुणी संप केला, मोर्चा काढला, की तो लाल. दक्षिणेत जनरल पार्क चुंग-हीने 1961 साली बंड करून सत्ता घेतली, तेव्हा भल्याभल्यांची दातखीळ बसली होती, आणि हाम दोन महिन्यांत छापील शब्दांत त्यावर तुटून पडला. 1976 च्या 1 मार्चला म्योंगदोंगच्या कॅथेड्रलमध्ये लोकशाहीचा जाहीरनामा वाचला गेला, त्यावर सही करणाऱ्यांत पंचाहत्तरीचा हाम होता. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले किम दे-जुंग होते. मसुदा लिहिला होता पाद्री मून इक-ह्वान यांनी. मून तर 1989 साली सरळ प्योंगयांगला जाऊन उत्तरेचा सर्वेसर्वा किम इल-सुंगला भेटले आणि परतल्याबरोबर अटक झाले. त्याआधीच, फेब्रुवारीत, हाम वारला होता.

आणि कुणी म्हणू नका की हे जुनं झालं. 3 डिसेंबर 2024 च्या रात्री दक्षिणेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष युन सोक-योल टीव्हीवर आले आणि मार्शल लॉ लावला. कारण काय दिलं? उत्तरधार्जिण्या देशद्रोही शक्ती. तेच कारण, तीच भीती, सत्तर वर्षं वापरून वापरून गुळगुळीत झालेली. पण त्या रात्री साधी माणसं थंडीत संसदेसमोर धावली, खासदार भिंतींवरून चढून आत गेले आणि 190 विरुद्ध शून्य मतांनी तो हुकूम काही तासांत मोडून काढला. ज्या साध्या माणसांना हाम बियाणं म्हणायचा, ती हीच. मी इथे पुण्यात मोबाईलवर ते बघत होते आणि मला रडू आवरेना.

ठीक आहे, एक मान्य करते. 25 जून 1950 ला आधी सैन्य घातलं ते उत्तरेने, आणि तिथल्या छळछावण्या कुणाच्या कल्पनेतल्या नाहीत. हामनेही ते कधी झाकलं नाही, तो तिथून जीव वाचवून आला होता. पण म्हणून तिथली अडीच कोटी माणसं यंत्रं होतात?

हालमोनीला मात्र हाम आवडायचा नाही. हे सांगायलाच हवं. ती कट्टर लालविरोधी, प्रत्येक निवडणुकीत पार्कच्या परंपरेला मत देणारी. एकदा मी उत्साहाने तो 1958 चा लेख तिला समजावायला गेले. ती म्हणाली, "नवऱ्यानं चाळीस वर्षं हेच ऐकवलं मला. विचार तुझ्या त्या पांढऱ्या दाढीवाल्याला, माझा भाऊ कुठाय?" मी काय बोलणार? हामकडे पक्ष नव्हता, आराखडा नव्हता, सीमेवरचं एकही फाटक त्याच्या लिहिण्याने उघडलं नाही. पण आराखडेवाल्यांनी तरी काय उघडलं? 1983 साली केबीएस या दक्षिणेच्या सरकारी वाहिनीने ताटातूट झालेल्यांना शोधायचा कार्यक्रम सुरू केला, तो 138 दिवस चालला, दहा हजारांवर कुटुंबं भेटली. ती सगळी दक्षिणेतल्या दक्षिणेत. उत्तरेतल्या नातेवाइकांना भेटायला 2000 सालापासून सोडत. हो, सोडत! संगणकाने नावं काढायची. 2018 च्या ऑगस्टमध्ये शेवटच्या भेटी झाल्या, तेव्हा सुमारे 57 हजार हयात अर्जदारांतून शंभराच्या आत माणसांना जाता आलं. उत्तरेतल्या कुमगांग डोंगराजवळ दोन-तीन दिवस, त्यात मोजून काही तास, मग बसच्या काचेवर हात ठेवून निरोप. त्यानंतर पत्र नाही, फोन नाही.

हालमोनीचं नाव कधीच निघालं नाही. प्रत्येक सोडतीच्या वेळी ती केस काळे करून घ्यायची. भाऊ ओळखेल ना, म्हणून.

तिच्या नातवाला एकीकरण नको आहे. खर्च होईल, कर वाढतील, ती माणसं वेगळी झालीत, असं त्याचं म्हणणं. त्याच्या वयाच्या पुष्कळांचं तेच म्हणणं आहे. मी त्याला दोष देत नाही, नोकरी आणि घराच्या भाड्याने ती पिढी पिळून निघाली आहे. आणि आता तर 2023 च्या अखेरीला किमने जाहीर केलं, की एकीकरण वगैरे काही नाही, दक्षिण हा शत्रुदेश. प्योंगयांगमधली एकीकरणाची कमान पाडून टाकली. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये दक्षिणेला जोडणारे रस्ते सुरुंगाने उडवले. म्हातारी हे बघायला नव्हती. करोनाच्या काळात गेली. बरंच झालं, असं लिहिणार होते, पण बरं कसलं?

राग थोडा उतरलाय. तर एक आपल्या घरातलं सांगते. या कोरियाशी आपला संबंध नाही असं समजू नका. 1953 साली युद्धबंदी झाली, तेव्हा मायदेशी परत जायला नकार देणारे बावीस हजारांवर कैदी सांभाळायचं काम भारताकडे आलं. त्यासाठी नेमलेल्या आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या, आणि सैन्यतुकडीचे प्रमुख मेजर जनरल शंकरराव थोरात, आपले कोल्हापूरकडचे. सिंगमन रीने भारतीय सैनिकांना दक्षिणेच्या भूमीवर पाऊल ठेवू दिलं नाही, म्हणून त्यांना हेलिकॉप्टरने मधल्या निर्लष्करी पट्ट्यात उतरवावं लागलं. तिथल्या छावणीचं नाव हिंद नगर. खवळलेल्या चिनी कैद्यांनी आपला एक मेजर पकडून ठेवला, तेव्हा थोरात स्वतः त्या कुंपणात शिरले आणि गोळी न झाडता त्याला सोडवून आणलं. शेवटी 88 कैदी असे उरले, की त्यांना उत्तरही नको होती, दक्षिणही नको, चीन नको, तैवानही नको. ते 1954 साली आपल्या सैनिकांबरोबर भारतात आले. हामने जे 1958 साली लिहिलं, ते या 88 जणांनी चार वर्षं आधीच पायांनी सांगितलं होतं.

हे आपल्या एकाही पाठ्यपुस्तकात मला सापडलं नाही. कोल्हापूर, सातारा, सांगली, बेळगावकडच्या मित्रमैत्रिणींनो, तुमच्या घरात 1953-54 मध्ये हिंद नगरला गेलेले आजोबा, पणजोबा कुणी असतील, त्यांची पत्रं, फोटो, एखादी ऐकलेली गोष्ट असेल, तर इथे लिहा किंवा मला इनबॉक्समध्ये पाठवा. मी सगळं एकत्र करून मराठीत आणि जमेल तशा कोरियनमध्ये लिहून काढणार आहे. नातवाला मी कालच विचारलंय, त्याने भाषा तपासून द्यायचं कबूल केलंय.