एक तारा, अळणी आमटी आणि आमचं खडे मीठ

ताई, नमस्कार. दुकानाचा मालक लिहितोय. तुमचा एक तारा आणि त्याखालचा मजकूर दोनदा वाचला. तुमच्या तक्रारी अशा: खडे मीठ ओलं आणि कळकट निघालं, तळाशी गाळ बसला, आमटी अळणी झाली, गुलाबी सैंधव फार महाग पडलं, आणि काउंटरवरच्या मुलाने "बीपीवाल्यांना सैंधव कितीही चालतं" असं छातीठोक सांगितलं. आईंनी महिनाभर तेच खाल्लं आणि डॉक्टरांची बोलणी तुम्हाला खावी लागली.

शेवटच्या तक्रारीपासून सुरू करतो, कारण ती चूक पूर्णपणे आमची. सैंधव घ्या, समुद्राचं घ्या नाहीतर पाकिटातलं, मीठ म्हणजे मुख्यतः सोडियम क्लोराइडच. पाच ग्रॅम मिठातून दोन ग्रॅमच्या आसपास सोडियम पोटात जातं, रंग कुठलाही असो. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला पाच ग्रॅमच्या आत राहायला सांगते, आणि त्यात पापड, लोणचं, फरसाण, सुकट सगळं धरलेलं आहे. सैंधवाचा गुलाबी रंग लोहाचा, हे खरं. पण त्यातून लोह मिळवायचं तर पोतंभर मीठ खावं लागेल. 'कितीही चालतं' हे मुलाने कुठल्यातरी व्हिडिओत पाहिलं होतं. त्याला एकट्याला दोष देत नाही, कारण 'आरोग्यदायी सैंधव' अशी पाटी मीच लावली होती. परवा उतरवली. आईंना माझ्यातर्फे माफी सांगा. आणि त्यांना कोणी कमी सोडियमचं मीठ सुचवलं, तर तेही डॉक्टरांना विचारूनच आणा. त्यात सोडियमच्या जागी बरंचसं पोटॅशियम असतं, आणि मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांना किंवा बीपीच्या काही गोळ्या चालू असलेल्यांना ते महागात पडू शकतं.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, ती मीच लिहितो. त्या महिनाभरात आईंना मिठातून आयोडीन जवळजवळ मिळालंच नाही. समुद्राच्या मिठात आयोडीन असणारच, असं आमच्याकडे रोज कोणीतरी म्हणतं. समुद्राच्या पाण्यात ते थोडंफार असतं, पण वाळलेल्या मिठात नावापुरतंच उरतं. आपल्याकडे पोटॅशियम आयोडेट मुद्दाम मिसळतात, कारण दमट हवेत ते टिकतं. हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात वैद्यकीय संशोधक डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून काही गावांना आयोडीनचं मीठ दिलं आणि काहींना साधं. आयोडीनवाल्या गावांतलं गलगंडाचं, म्हणजे आयोडीन कमी पडून गळा सुजण्याचं, प्रमाण उतरलं, आणि १९६२ मध्ये देशाचा गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. आयोडीन नसलेलं साधं मीठ थेट खाण्यासाठी विकायला २००६ पासून बंदी आहे. म्हणून आमच्या खड्या मिठाच्या पिशवीवर 'लोणची व मासे खारवण्यासाठी' असं छापलेलं असतं. अक्षरं बारीक आहेत, कबूल. पुढच्या छपाईत मोठी करतोय.

आता ओलेपणाबद्दल. इथे मात्र मी आमच्या मिठाची बाजू घेणार.

माझे आजोबा पेणकडच्या मिठागरात राबले. उधाणाच्या भरतीला खाडीचं पाणी आत घ्यायचं आणि उन्हात आटवत एका वाफ्यातून पुढच्या वाफ्यात सोडत न्यायचं. लिटरभर समुद्राच्या पाण्यात पस्तीसेक ग्रॅम क्षार असतात. पाणी आटत गेलं की आधी जिप्सम नावाचा दुसरा क्षार तळाला बसतो, मग मीठ धरतं, आणि शेवटी जे कडवट पाणी उरतं त्यात मॅग्नेशियमचे क्षार राहतात. त्या पाण्याचा अंश खड्यांना चिकटलेला असतो, आणि तोच हवेतला ओलावा ओढून घेतो. तुम्ही पिशवी नेली ऐन श्रावणात. या दिवसांत आमच्या दुकानातलं रजिस्टरसुद्धा दमट असतं! पाकिटातलं बारीक मीठ मोकळं राहतं, कारण ते धुऊन-वाळवून घेतलेलं असतं आणि गोळे होऊ नयेत म्हणून त्यात थोडं काही मिसळलेलंही असतं. त्यात वाईट काही नाही. पण खडे मीठ पावसाळ्यात ओलं होणारच.

गाळाचं अर्धं तुमचं बरोबर. वाफ्याचा तळ चिकणमातीचा, मीठ ओढताना थोडी माती येतेच, म्हणून रंग राखाडी. पण बोटाला कचकच लागेल इतकी यायला नको. तुमचा फोटो बघून उरलेली गोण उघडली, तळाचा माल खरंच खराब होता. ती गोण परत पाठवली. आमची आजी खडे मीठ कधी कोरडं वापरायची नाही. रात्री चिनी मातीच्या बरणीत पाण्यात विरघळवायची, सकाळी वरचं निवळ पाणी फडक्यातून गाळून दुसऱ्या बरणीत भरायची, आणि माशांच्या कालवणात त्यातलं पळीने घालायची. तळाचा गाळ माडाच्या आळ्यात जायचा.

आमटी अळणी झाली ती चमच्यामुळे. आमच्या काट्यावर एक चमचा बारीक मीठ सहा ग्रॅमच्या आसपास भरतं आणि तोच चमचा खड्या मिठाचा साडेचारच्या आत-बाहेर, कारण खड्यांमध्ये फटी राहतात. ते कुटून घेतलंत की फरक संपला.

सैंधवाची किंमत मीही रोज ऐकतो. हे मीठ बहुतेक पाकिस्तानच्या पंजाबातल्या खेवऱ्याच्या खाणीतून यायचं, पाकिटावर 'हिमालयन' कितीही छापा. मे २०२५ मध्ये तिकडून येणारा सगळा माल बंद झाला. हिमाचलात मंडीकडे द्रंग आणि गुम्मा इथे खाणी आहेत, पण माल थोडा. शिल्लक साठ्याचे भाव घाऊक बाजारात चढले, आणि मी त्यावर माझा वाटा लावला. फुकट विकत नाही.

रोजच्या डाळ-भाजीला काय घ्यावं, हेही तुम्ही विचारलं आहे. माझ्या स्वतःच्या घरात आयोडीनचं साधं पाकीटमीठ आहे, कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडचं. झाकणाच्या बरणीत ठेवतो, शेगडीपासून लांब. उपासाला शेंदेलोण म्हणजे सैंधवच, कैरीच्या लोणच्याला आणि बांगडे खारवायला खडे, ताकात चिमूटभर पादेलोण. पादेलोणाचा उकडलेल्या अंड्यासारखा वास गंधकाचा, त्यात औषध शोधू नका.

दोन्ही पिशव्या फोडलेल्या असल्या तरी घेऊन या, पैसे परत मिळतील. पावती नसली तरी चालेल. मंगळवारी दुकान बंद असतं, तेवढं टाळा.