यानोनेची बंदी उठवली गेली नव्हती, तिची मुदत संपली

मोटोजीपी या मोटरसायकल शर्यतींच्या सर्वोच्च मालिकेतील माजी इटालियन स्वार आंद्रेआ यानोने २०२४ मध्ये वर्ल्ड सुपरबाइक या दुसऱ्या मोटरसायकल मालिकेतून शर्यतींत परतला, तेव्हापासून 'दूषित मांसाचा बचाव मान्य होऊन त्याची बंदी उठली' असे चाहत्यांमध्ये सांगितले जाते. हे अर्धसत्य आहे.

नोव्हेंबर २०१९ मध्ये मलेशियातील सेपांग येथे घेतलेल्या त्याच्या लघवीच्या नमुन्यात ड्रोस्टॅनोलोन हे प्रतिबंधित स्टेरॉइड आढळले. ते स्टेरॉइडचे अंश असलेल्या दूषित मांसातून शरीरात गेल्याचे आंतरराष्ट्रीय मोटरसायकल महासंघाच्या शिस्तपालन न्यायालयाने ग्राह्य धरले, तरीही १८ महिन्यांची बंदी घातलीच. त्यावर 'वाडा' या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने अपील केले आणि नोव्हेंबर २०२० मध्ये क्रीडा लवादाने ही शिक्षा ४ वर्षांवर नेली, कारण नेमके कोणते मांस खाल्ले आणि ते कुठून आले होते, हे यानोनेला सिद्ध करता आले नाही. अशा स्टेरॉइडच्या बाबतीत ते घेण्याचा आपला हेतू नव्हता हे दाखवण्याचा भार खेळाडूवरच असतो. परदेशात जेवलेल्या ताटाचा हिशेब महिन्यांनंतर कोण देणार, ही चाहत्यांची तक्रार रास्त आहे. मात्र तिच्या आधारे निकालच उलटा सांगणे योग्य नाही. १७ डिसेंबर २०१९ पासून मोजलेली शिक्षा पूर्ण भोगूनच तो परतला.