पत्ताकोबीचं हिवाळी अधिवेशन

डिसेंबरात नागपुरात दोन गोष्टींची आवक एकदम वाढते: मंत्री आणि पत्ताकोबी. मंत्री 1953च्या नागपूर करारामुळे येतात, वर्षाला एक अधिवेशन इथं घ्यायचं तेव्हाच ठरलंय. पत्ताकोबीला करार लागत नाही. तिला थंडी मानवते, भाव उतरतो, आणि कॉटन मार्केटात एक गड्डा मागितला की भाजीवाला म्हणतो, "एक काय नेता भाऊ, तीसचे दोन घ्या." मी घेतले.

आमच्या घरातही एक करार आहे. बुधवारचं रात्रीचं जेवण मी करायचं. काय करू विचारलं तर बायको म्हणाली, "काहीतरी साधंच कर." या 'साध्या'नंच माझा घात होतो. बिर्याणी बिघडली तर लोक हिंमतीचं कौतुक करतात. पत्ताकोबी बिघडली की म्हणतात, "एवढंही येत नाही?"

चिरायला बसलो. मागून आई म्हणाली, "ढोरायले टाकून राहिला का? बारीक चिर." बारीक चिरली. "अन् चन्याची दाळ भिजवली का?" नव्हती भिजवली. गरम पाण्यात टाकून वेळ मारून नेली. मग बायको आली. ती पुण्याची. तिच्या माहेरी हिला नुसतं कोबी म्हणतात, फोडणीत लसूण चालत नाही आणि वरून ओलं खोबरं लागतं. लग्न होऊन आली तेव्हा आईनं "वरून सांबार टाक" म्हटल्यावर ती डाळ शिजवायला निघाली होती. कोथिंबिरीला इथं सांबार म्हणतात हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. आठवीतल्या लेकीला भाजी कुरकुरीत हवी. आईला कवळी आहे, त्यामुळे तिला गाळ. इतकी बेचव भाजी आणि तिच्यावर इतकी मतं!

लसूण घातलाच. फल्लीच्या तेलात मोहरी, जिरं, हिरवी मिरची, हळद, निथळलेली दाळ, आणि वर चिरलेली पत्ताकोबी. कढईवर डोंगर झाला. डोंगर बघून मी मीठ टाकलं, दोन चमचे भरून. इथंच फसलो. पत्ताकोबीत दहातले नऊ भाग पाणी असतं. मीठ लागलं की ते बाहेर सुटतं आणि डोंगराची टेकडीही उरत नाही. मीठ मात्र आहे तेवढंच राहतं.

हे कळायच्या आधी मी झाकण ठेवलं होतं, आईच्या कवळीसाठी. पंधरा मिनिटांनी बेल वाजली. शेजारचे काका दारात. "सिलिंडर बंद आहे ना? वास येऊन राहिला जिन्यात." मी हसलो, पण चूक त्यांची नव्हती. पत्ताकोबी जितकी जास्त शिजते तितके तिच्यातून गंधकाचे वास सुटतात, आणि गॅस गळला तर कळावं म्हणून सिलिंडरमध्ये घालतात तेही गंधकाचंच संयुग. काकांचं नाक पक्कं होतं. मी झाकण काढून दाखवलं. ते म्हणाले, "अरे बाप्पा," आणि परत गेले.

चव घेतली. समुद्र. आईनं बोट लावलं, काही बोलली नाही, म्हणजे प्रकरण गंभीर. बायको शांतपणे म्हणाली, "दुसरा गड्डा आहे ना?" तीसचे दोन का घेतले हे तोवर मलाही माहीत नव्हतं.

दुसरा गड्डा चिरून बिनमिठाचा त्याच कढईत घातला, या वेळी झाकण न ठेवता. खारटपणा निभावला. पहिला गड्डा आईच्या मताचा झाला होता, दुसरा लेकीच्या, आणि दोघी आपापला वेचत बसल्या. बायकोनं स्वतःच्या ताटात खोबरं पसरून लसूण बाजूला काढला. चार माणसांत निम्मी कढईसुद्धा संपेना. शेवटी आई म्हणाली, "काकाले वाटीभर दे. बिचारा घाबरला होता." वाटी कसली, डबाच भरून दिला.

आपल्याकडे कोणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काका डबा घेऊन आले. जड होता. बायकोनं झाकण उघडलं.

पत्ताकोबी. मटार घालून.