नाळे बा आणि सोर्स कोड

आमच्या लॅबमध्ये एक स्पेक्ट्रोफोटोमीटर आहे, 2009 सालचं, अजून ठणठणीत. रंगीत द्रावणातून प्रकाश सोडायचा आणि किती गिळला ते मोजायचं. दहावा हिस्सा पार गेला तर आकडा 1, शंभरावा गेला तर 2, लॉगरिदम, बस. पण हा आकडा कॉम्प्युटरवर आणणारं सॉफ्टवेअर कंपनीचं, तेही फक्त विंडोज एक्सपीवर चालणार, आणि मागे पॅरलल पोर्टला (पूर्वी प्रिंटर लावायचे ती खाच) डोंगल, म्हणजे कंपनीने दिलेली किल्लीसारखी डबी, खुपसलेला असेल तरच उघडणार. गेल्या पावसाळ्यात (बेळगावचा पाऊस, सांगायला नको) तो कॉम्प्युटर गचकला. नव्याला पॅरलल पोर्टच नाही. आणि जुन्या रीडिंगच्या फायली कंपनीच्या खास फॉरमॅटमध्ये, नोटपॅडमध्ये उघडल्या तर नुसते चौकोन. म्हणजे द्रावण आमचं, मशीन आमचं, लाइटबिल आमचं आणि किल्ली त्यांच्याकडे!

कुंदावाला रेसिपी सांगत नाही ते मी समजू शकतो. पण विकत घेतलेला कुंद्याचा डबा घरी उघडायला मला त्याला फोन तर करावा लागत नाही ना.

तर मी कंपनीला फोन लावला, म्हटलं, जुनं व्हर्जन तुम्ही बंद केलंय, मग त्याचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमरने लिहिलेला मूळ प्रोग्रॅम, द्या, नाहीतर निदान फाइल फॉरमॅट तरी सांगा. पलीकडून विचारलं, "सर, सोर्स कोड म्हणजे कुठला पार्ट? पार्ट नंबर सांगा." मग बेंगळुरू ऑफिस म्हणालं बिल पुण्याच्या डीलरचं आहे, पुण्याला विचारा. पुणे म्हणालं तुम्ही कर्नाटकात येता, बेंगळुरूला विचारा. बेळगाव कुणाचं हा खटला 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे, तो माझ्या स्पेक्ट्रोफोटोमीटरमुळे लवकर सुटेल असं मला वाटलं नव्हतंच. शेवटी एकाने लायसन्स शोधलं तर ते 'बेलगाम' नावावर, आणि 1 नोव्हेंबर 2014 पासून गाव झालंय बेळगावी, त्यामुळे पत्ता मॅच होईना. सोर्स कोडचं काय विचारलं तर उत्तर, उद्या सांगतो.

आमचा अटेंडर हे सगळं ऐकत होता. म्हणाला, "सर, हे नाळे बा झालं बघा." आमच्याकडे पूर्वी भूत येऊ नये म्हणून दारावर कन्नडमध्ये 'नाळे बा' लिहायचे, उद्या ये. भूत रोज येतं, रोज वाचतं आणि रोज परत जातं. या हिशोबात भूत कोण ते मला तेव्हाच कळलं.

तसा मी काही पहिला नाही. अमेरिकेत एमआयटीमध्ये रिचर्ड स्टॉलमन नावाच्या माणसाला 1980 च्या सुमारास झेरॉक्सच्या प्रिंटरने असंच छळलं. कागद अडकला की सगळ्यांना मेसेज जावा एवढीच सोय त्याला करायची होती, पण कोड मिळेना, ज्याच्याकडे होता तोही देईना, कुणाला देणार नाही म्हणून शब्द देऊन बसलेला. हा गडी एवढा भडकला की 1983 मध्ये त्याने कॉम्प्युटरची सगळी सिस्टीमच फुकट आणि उघडी लिहायची घोषणा केली. मी भडकलो आणि कॅन्टीनमध्ये जाऊन चहा प्यालो. माणसामाणसात फरक असतो.

बरं, हा नुसता हट्ट नव्हे. आमचा एक पेपर परत आला होता, परीक्षकाने विचारलेलं, ग्राफ गुळगुळीत कुठल्या पद्धतीने केला? आता ते बटण दाबलं की होतं, आत काय होतं देव जाणे. कंपनी म्हणते गुपित. अहो, सॅविट्स्की-गोलेची ग्राफ गुळगुळीत करायची पद्धत 1964 पासून छापून पडलीय, त्यात गुपित कसलं? आणि दुसरंच काहीतरी करत असाल तर मग जास्तच सांगायला पाहिजे की!

शेवटी भाचा आला, इंजिनिअरिंगला आहे. त्याने मशीनच्या मागच्या सिरीयल पोर्टला दोनशे-तीनशेची वायर लावली, 9600 चा स्पीड ठेवला आणि म्हणाला, "मामा, हे तर सरळ आकडेच बोलूलालंय की!" खरंच, स्क्रीनवर 0.312, 0.315, साध्या अक्षरात. म्हणजे मशीन इतकी वर्षं उघडउघड बोलत होतं, मधला दुभाषाच भाव खात होता. नवी रीडिंग सुटली. जुन्या फायली अजून चौकोनच आहेत.

मागच्या आठवड्यात कंपनीचा माणूस आला, सोर्स कोड घेऊन नव्हे, नव्या मशीनचं कोटेशन घेऊन. लॅबच्या दारात थबकला. अटेंडरने खडूने भलं मोठं 'नाळे बा' लिहून ठेवलेलं, कन्नडमध्ये. तो वाचून हसला, बॅग खांद्यावर टाकली आणि म्हणाला, "आयतु सर, नाळे बर्तीनि." बरं सर, उद्या येतो.